धुराड्यातलं ध्वनिमुद्रण

ताईने फाइल पुन्हा प्रोग्राममध्ये टाकली. हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाजवळ आली आणि थबकली. पडद्यावर मघाचाच निरोप उमटला: फाइल चार जीबीपेक्षा मोठी होते आहे, साठवता येणार नाही.

"झालं का गं?" धाकट्या भावाने दारातूनच विचारलं. डोक्यावरचं हेल्मेटही त्याने काढलं नव्हतं. पलीकडच्या बंद कारखान्याचं धुराडं पाडायचं कंत्राट त्याचं होतं. यंत्र निघालं होतं, उजेड असेपर्यंत पोहोचणार होतं.

"नाही रे बाळ्या. बस जरा."

ताईचं आयुष्य ध्वनिमुद्रणात गेलं होतं. रोज तिन्हीसांजेला तिला गच्चीवरून धुराड्याच्या तोंडातून वटवाघळं बाहेर पडताना दिसायची. भाऊ म्हणायचा, मी आत जाऊन टॉर्च मारून आलोय, चिटपाखरू नाही. काल अंधार पडल्यावर त्याने तिला आत रेकॉर्डर टांगू दिला, तोही तिच्या हट्टापायी. माणसाला ऐकू न येणारे उंच आवाज तो रेकॉर्डर टिपायचा. ते ऐकायचे तर आधी दहापट संथ करायचे आणि मग साध्या हेडफोनला पेलतील असे नव्याने बसवायचे. या बसवण्यातच फाइल फुगत होती.

"निम्मी काढून टाक ना," भाऊ म्हणाला. "नमुन्यापुरती पुरे."

"आणि जे हवंय ते नेमकं त्या निम्म्यात असलं तर?"

तिने मूळ फाइलचे तुकडे पाडायला घेतले. सरळ कापले असते तर नव्याने बसवताना प्रत्येक कडेला 'खट्' असा खोटा आवाज उमटला असता. म्हणून तिने एका तुकड्याचं शेपूट पुढच्याच्या डोक्यावर थोडं चढू दिलं, प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे संथ करून नव्याने बसवला आणि मग जास्तीच्या कडा छाटून टाकल्या. या खेपेला पट्टी कुठेच अडली नाही.

पहिल्या तुकड्यात वारा होता, दुसऱ्यात पाण्याची टपटप. भावाचं दोनदा घड्याळ बघून झालं होतं. तिसरा तुकडा लावला आणि ताईचा कळफलकावरचा हात जागीच राहिला. मग तिने हेडफोन उतरवून त्याच्यापुढे धरले.

त्याने हेल्मेट टेबलावर ठेवलं.

आधी त्याच्या कपाळाला आठी पडली. उंचावरून कुणीतरी बारीक आवाजात हाक मारत होतं. शेजारून दुसरी हाक आली, जराशी जाडसर. मग तिसरी. एकीसारखी दुसरी नव्हती. बघता बघता अख्खी भिंत हाकांनी भरून गेली. तेवढ्यात वरून एक भारदस्त आवाज उतरला. त्यासरशी सगळ्यांनी एकच गलका केला. तो आवाज घुमत राहिला, थांबला, पुन्हा आला. गलक्यातल्या एकाच हाकेला तो उत्तर देत होता. दोन्ही आवाज जवळ जवळ येत गेले आणि ती एक हाक शांत झाली. बाकीच्या चालूच राहिल्या.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"आई परत आलीय. पिल्लं विटांच्या फटीत असतात, तिथे तुझा टॉर्च पोचत नाही. एवढ्या गर्दीतून ती आपलंच पिल्लू हुडकते."

तो खुर्चीत बसला.

"काल शिडी धरून मी तिथेच उभा होतो, ताई. मला वाटलं, इथे किती शांत आहे."

खिशातला फोन वाजला. यंत्रवाला वळणावर येऊन थांबला होता. भावाने एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"परत फिरवा. नाही, बिघाड वगैरे काही नाही. आत बिऱ्हाडं आहेत."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"किती ते..." तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. "थांबा, ऐकतोय अजून."