हाकेच्या गाडीतला चौथा

"किती जण आहात?" हा प्रश्न सुरज दिवसातून तीस-चाळीस वेळा विचारायचा. जव्हारच्या बस स्थानकाजवळच्या एका गाळ्यात तो फोन घेऊन बसे. पाड्यावरून फोन आला की सहा आसनांची गाडी तिकडे धाडायची, हे त्याचं काम. लोक तिला हाकेची गाडी म्हणत. नाव गोड होतं, पण चार माणसं असतील तरच ती हाकेला धावायची. पाच वर्षांखालचं मूल माणसात धरायचं नाही, असंही नियमात लिहिलेलं होतं.

मंडळी, जीप गच्च भरल्याशिवाय हलत नाही म्हणून आपण जीपवाल्याला शिव्या घालतो. सुरजही घालायचा. आपणही खुर्चीत बसून तेच करतोय, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

एका सोमवारी दाभोशाच्या धबधब्यापलीकडच्या एका पाड्यावरून गोदीचा फोन आला. तिची सून हौशी आठव्या महिन्यात होती. पाय सुजले होते, डोकं दुखत होतं. पाड्यावर आलेल्या नर्सबाईंनी बजावलं होतं, दोन दिवसांत जव्हारच्या दवाखान्यात दाखवा, नाहीतर बाळाच्या जिवावर बेतेल.

"किती जण आहात?"

"चार हाव दादा. लवकर धाड."

गाडी गेली. अर्ध्या तासाने चालक इदरीसचाचांचा फोन आला. "सुरजभाऊ, इथे दोनच बाया आहेत. एकीच्या पाठीवर पोर आहे."

"आणि चौथा कुठाय?"

गोदीने फोन हातात घेतला. "मी, सून, तिचा लहान्या, आन पोटातला. झाली ना चार?"

सुरज इतका हसला की शेजारचा चहावाला डोकावला. "आजी, पोटातल्याला खिडकीकडची सीट देऊ का?"

"दे ना. कुठंबी बसंल तो," गोदी भाबडेपणानं म्हणाली.

"चाचा, परत फिरा. खोटी मागणी आहे."

"बाईचे पाय लई सुजलेत. नेतो ना."

"नियम म्हणजे नियम. उद्या सगळा तालुका पोटातली पोरं मोजायला लागेल."

इदरीसचाचांनी गाडी फिरवली. सुरजने संगणकावर 'खोटी मागणी' अशी खूण केली, त्याबरोबर गोदीच्या फोनचा क्रमांक पंधरा दिवसांसाठी बंद झाला. पाड्यातल्या लोकांकडे रेंज पकडणारा तेवढाच एक फोन होता. मग त्याने तो किस्सा कामाच्या ग्रुपवर टाकला. एकोणीस जण हसले, वरिष्ठांनी शाबासकीचा अंगठा पाठवला. खरं सांगा, आपणही हसलोच असतो.

दुसऱ्या दिवशी गोदी हौशीला घेऊन तासभर चालत जीपच्या नाक्यावर गेली. जीप भरेना. उन्हात हौशीला भोवळ आली, तशी दोघी माघारी फिरल्या. पंधरा दिवसांनी गाडी मिळेल असं चाचा जाताना सांगून गेले होते, त्या आशेवर गोदी बोटं मोजत राहिली.

आठव्या दिवशी सकाळी हौशीला झटके आले. रुग्णवाहिका दुसऱ्या बाळंतिणीला घेऊन मोखाड्याकडे गेली होती. गोदीने हाकेच्या गाडीला फोन लावला. आतली बाई गोड आवाजात सांगत राहिली, "आपली सेवा तात्पुरती बंद आहे." गोदीने तिच्याही हातापाया पडून बघितलं. त्या वेळी हाकेची गाडी दाभोशात झाडाखाली रिकामी उभी होती. धबधबा बघायला आलेले पाहुणे मोजून चार होते, म्हणून त्यांच्यासाठी ती थांबली होती. पाड्यापासून दाभोसा, गाडीने दहा मिनिटं.

गड्यांनी घोंगडीची झोळी बांबूला बांधली आणि हौशीला उचलून आणलं. दाभोशाला पोचल्यावर इदरीसचाचांनी झोळी पाहिली. या वेळी त्यांनी कुणालाही फोन केला नाही. गाडी थेट दवाखान्यात नेली. हौशी वाचली. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती.

दुपारी चाचा गाळ्यात आले. सुरजने विचारलं, "पाहुण्यांना न घेताच आलात? तक्रार आलीय."

"सुरजभाऊ, त्या पाड्यावर नदीत मासे धरले की वाटे घालतात. पोटुशी बाई असेल त्या घराला एक वाटा जादा. पोटातल्याचा. मी डोळ्यांनी बघितलंय. म्हातारी खोटं नव्हती बोलली. तिच्या घरात माणसं अशीच मोजतात."

सुरज हळूच म्हणाला, "पण नियम..."

"नियम मी पण ऐकला. त्या दिवशी रिकामी गाडी इथपर्यंत आलीच ना? रस्ता तोच, डिझेल तेवढंच. दोन बाया मागे बसल्या असत्या तर गाडीचं काय झिजलं असतं? तू फिरव म्हणालास, मी फिरवली. त्या पोरीला आपण दोघांनी मारलं."

सुरजने ग्रुप उघडला. त्याचा किस्सा तिथेच होता, खाली एकोणीस हसरे चेहरे. त्याने खाली लिहिलं, 'चौथी प्रवासी आज मेली.' या वेळी कुणीही काही पाठवलं नाही.

त्याने सगळे बंद क्रमांक उघडले आणि वरिष्ठांना कळवलं, की चाराचा नियम मी यापुढे पाळणार नाही, हवं तर मला काढा. वरिष्ठांनी लेखी खुलासा मागितला. तो अजून मागताहेत.

दहा दिवसांनी गोदीचा फोन आला. हौशीला तपासणीला आणायचं होतं. सवयीने सुरजच्या तोंडून निघून गेलं, "किती जण आहात?"

"आता तीनच हाव, दादा," गोदी म्हणाली. "तुझ्या मोजणीनं दोन. येल का गाडी?"

सुरजने गाळ्यात बसलेल्या इदरीसचाचांना नुसती खूण केली, आणि चाचा किल्ली घेऊन उठले.

मंडळी, गाडी सार्वजनिक असते ती भरण्यासाठी नव्हे, अडलेल्याला पोचवण्यासाठी. आता गाळ्यात फोन उचलला की सुरज "किती जण?" असं विचारत नाही. "काय अडलंय?" असं विचारतो. एवढं शिकायला त्याला एक मूल लागलं. आपल्याला किती लागणार आहेत?