फुंकणीवरचा आकडा

मामींना हार म्हणून ठाऊक नव्हती. दमा चाळीस वर्षं छातीत मुक्काम ठोकून होता, तरी त्याच्याविषयी त्या अशा बोलायच्या, जणू तोच त्यांच्या मेहेरबानीवर राहतोय.

नव्या औषधाच्या चाचणीसाठी आरोग्य केंद्राला माणसं हवीत असं कळलं, तेव्हा मामींनी पहिल्याच दिवशी नाव दिलं. श्वासातून ओढायच्या भुकटीची एक डबी मिळाली आणि एक प्लास्टिकची नळी. नळीत जोरानं फुंकलं की काटा वर सरकायचा. सकाळ-संध्याकाळ फुंकायचं आणि आकडा वहीत मांडायचा. केंद्रातली माणसं तिला पीक फ्लो मीटर म्हणत, तपासणीला येऊन बाहेरच्या बाकावर बसणाऱ्या बायका फुंकणी. वर हिरवा पट्टा, मध्ये पिवळा, खाली लाल. काटा लालात आला तर ताबडतोब फोन करायचा.

औषध जिनं घडवलं ती बाई एकदा बाकावर येऊन बसली. किडकिडीत, केसांत पेन खोचलेलं.

"श्वासनळीभोवती स्नायूंची कडी असते," ती मूठ दाखवत म्हणाली. "दमा उठला की ती अशी आवळते. माझ्या औषधानं ही मूठ सोडवायची. नळीत दिवसभर टिकायचं, पण रक्तात गेल्यागेल्या मोडून पडायचं, नाहीतर काळीज धडधडतं. चारशे रेणू घडवून टाकून दिले, तेव्हा हा एक हाती लागला. आता कमीत कमी किती पुरतं ते शोधायचंय. कोणाच्या डबीत कमी आहे, कोणाच्या जास्त. कोणाची कुठली, ते मलाही माहीत नाही."

"म्हणजे स्वयंपाक तुझा आणि मीठ किती ते आम्ही सांगायचं."

"अगदी तसंच, मामी."

मामींचा आकडा दोनशे वीस. शेजारी बसणारे निवृत्त मास्तर तीनशे ऐंशी असं मिशीला पीळ देत सांगायचे. मामींच्या अंगाचा तिळपापड झाला. मग त्यांना आठवलं, लहानपणी कलिंगडाच्या बिया लांब थुंकण्यात भावांना त्या पाणी पाजायच्या. जीभ दातांमागे दाबायची, गाल भरायचे आणि फट्कन सोडायचं. तसं फुंकलं. काटा चारशेवर! छातीचा त्यात काडीचा हात नव्हता, सगळी करामत जिभेची. हे मामींना पुरतं कळत होतं. तरी वहीत त्यांनी चारशेच लिहिलं, ठसठशीत.

इथवर त्यांचं पाप त्यांच्यापुरतं होतं. पण चाचणीतलीच, कपड्यांच्या कारखान्यात शिवण शिवणारी शिंपीण एके दिवशी वही घेऊन जवळ आली.

"मामी, काटा लालाच्या काठाला आलाय हो. फोन करू?"

"कर की. उद्या चाचणीतून काढतील. अगं, तुला फुंकताच येत नाही! माझ्याकडे बघ."

दोन दिवसांत शिंपिणीचा काटा हिरव्यात. "पण छाती भरल्यासारखी वाटते," ती म्हणाली.

"पट्टा हिरवा आहे ना? मग छातीचे लाड पुरेत."

तीन आठवड्यांनी भाजी निवडताना सुनेनं बातमी दिली. "तुमची ती शिंपीण मशीनवरच कोसळली. ओठ निळे पडले होते म्हणे. हॉस्पिटलात आहे. आणि सकाळचाच आकडा चारशे दहा! चांगल्या चालत्या श्वासनळ्या त्या औषधानंच एकाएकी बंद केल्या म्हणतात. चाचणी थांबवली."

"औषधाचा काय दोष?" मामी फटकन बोलून गेल्या.

"मग कोणाचा?"

"देठ नीट काढ," मामी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या हॉस्पिटलात गेल्या. शिंपिणीच्या तोंडावर मास्क होता, बोटांना सुया टोचल्याच्या जुन्या खुणा. मामींना बघताच तिनं मास्क बाजूला केला. "माझंच चुकलं, मामी. तुम्ही एवढं शिकवलंत, मीच नीट फुंकलं नसेल."

एखादीनं थोबाडीत मारली असती तर मामींनी दोन परत दिल्या असत्या. याला काय देणार? त्यांनी मास्क तिच्या तोंडावर बसवला आणि थेट केंद्र गाठलं.

औषधवाली वह्यांच्या ढिगाऱ्यात बसली होती. डोळे सुजलेले. "डबी द्यायला आलात? ठेवा तिथं." मग आपणहून म्हणाली, "डब्यांची गुप्त यादी आज उघडली. तिच्या डबीत सगळ्यात कमी औषध होतं, मामी. एवढ्याशानं जर असं होत असेल तर... नऊ वर्षं मला वाटत होतं मी मूठ सोडवतेय."

डबी ठेवून निघता आलं असतं. कोणी विचारलं नसतं, कोणाला कळलं नसतं. मामींनी पिशवीतून फुंकणी काढली आणि सरळ छातीतून फुंकली. दोनशे दहा. मग गाल भरून, जीभ दाबून फुंकली. चारशे तीस.

"पहिला आकडा माझ्या छातीचा, दुसरा जिभेचा. शिंपिणीला मीच शिकवलं. तिचा खरा काटा तीन आठवडे लालात असणार. मी हिरवा करून दिला."

औषधवालीनं ढिगातून शिंपिणीची वही काढली. "म्हणजे औषध कमी पडत होतं," ती पुटपुटली. "नुसतं कमी पडत होतं!" तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि उजळल्याची लाज वाटून पडला. मग ती उठली. "मामी, ती मेली असती!"

"हो."

"आणखी कोणाकोणाला शिकवलंत?"

"पाचजणींना. मास्तर बघून बघून शिकला, लोचट."

ती हसली नाही. कागद ओढून लिहू लागली. मामींना अक्षरं धड लागत नव्हती. "वाच," त्या म्हणाल्या.

"'काही सहभागींनी फुंकण्याची चुकीची पद्धत वापरली...'"

"काही कोण? आणि चूक कसली, लबाडी म्हण. माझं नाव घाल."

"नाव घालत नाहीत. नंबर असतो."

"मग नंबर घाल. सतरा. सतरा नंबरनं शिकवलं. शिंपीण फोन करू म्हणत होती, सतरानं करू दिला नाही, तेही लिही."

तिनं लिहिलं. मामींनी वेडीवाकडी सही केली.

"चाचणी परत सुरू होईल?"

"ठाऊक नाही. झाली तरी तुम्ही त्यात नसाल."

"नसावंच मी." मामींनी पदर खोचला. "शिंपिणीला मात्र तू काही सांगू नकोस. मी जाते."

"काय सांगणार तिला?"

"ती तिथं माझी माफी मागत पडलीय," मामी म्हणाल्या. "आधी ती माफी तिला परत करते."