होल्गरने धुतलेलं तबक

मित्रांनो, कोपनहेगनच्या एका प्रयोगशाळेत खिडकीखाली पडून असलेलं मी एक जुनं, उथळ तबक आहे. टेफ्लॉनचं. तुमच्या तव्याला असतं ना, तेच. माझ्या अंगाला काही चिकटत नाही, माणसंसुद्धा नाहीत.

माझं काम ऐका. जिवाणूच्या सर्वांत बाहेरच्या आवरणातले रेणू माझ्यातल्या पाण्यावर पसरतात. हे रेणू भारी भांडखोर. सगळ्यांवर ऋण भार, म्हणून एकमेकांना दूर ढकलतात. पण कॅल्शियमचा धन भाराचा आयन मध्ये शिरला, की तो दोघांनाही धरून ठेवतो आणि थर घट्ट होतो. कॅल्शियम नसेल तर थर सैल पडतो, मग अशा आवरणातून औषध आत शिरू शकतं.

इथे संशोधन करणाऱ्या सिग्नेला एवढंच दाखवायचं होतं. तिची नोकरी उन्हाळ्यापर्यंतच होती. पण दर सोमवारी कॅल्शियम न घालताही तिचा थर घट्टच राहायचा. बिचारी रडकुंडीला यायची. विभागप्रमुख म्हणाले, तबकच म्हातारं झालंय, टाका भंगारात. मला काय वाटलं असेल!

खरं काय ते मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे आहे? शुक्रवारी सगळ्यांचा केक खाऊन झाला की होल्गर बश्या धुवायचा. तो आमची यंत्रं दुरुस्त करतो. बायको गेल्यापासून त्याला घरी जायची घाई नसते. बश्यांबरोबर तो मलाही नळाखाली धरायचा, मऊ फडक्याने पुसायचा, गप्पा मारायचा. फडकं कोपऱ्यांत पोचायचं नाही, तिथे थेंब सुकायचे. पण अख्ख्या आठवड्यात मायेचा हात तेवढाच.

एका शुक्रवारी सिग्ने दारातच थबकली.

"होल्गर, तू याला नळाच्या पाण्याने धुतोस?"

"मग काय, तुझं तेवढंच काम हलकं."

तिने किटली उघडून आतला पांढरा थर दाखवला. "हा चुना नळातूनच येतो ना? त्यात कॅल्शियमच असतं. तेच माझ्या रेणूंना धरून बसतंय."

होल्गरने फडकं बाजूला ठेवलं. "म्हणजे वर्षभर तुझी वाट मीच लावली."

"मुद्दाम नाही लावलीस. पण आता याला हात लावू नकोस."

तिने मला आम्लाने आणि शुद्ध पाण्याने स्वच्छ केलं. सोमवारी थर सैल पडला. सिग्ने अक्षरशः नाचली. माझं भंगारात जाणंही टळलं. आता माझ्यावर काचेचं झाकण आहे आणि त्यावर चिठ्ठी, हात लावू नये म्हणून. होल्गर बश्या धुतो, माझ्याकडे बघतो, आणि हात खिशात घालून निघून जातो.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू धुण्याआधी जरूर विचारा. कुणी नको म्हणालं, तर धुऊ नका, पण त्या वस्तूजवळ जरा उभे राहा. आणि होल्गर भेटला तर त्याला सांगा, झाकणाबाहेरून बोललेलंही मला ऐकू येतं.