समोर बसणारा

दातांच्या कवळ्या बनवायचा आमचा धंदा. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचं माप येतं, त्यावरून धाकटा प्लास्टरचा जबडा ओततो, मेणात एकेक दात बसवतो आणि आतल्या खोलीत मी कवळी घासून चकचकीत करते. भिंतभर फळ्यांवर जबडेच जबडे. नवीन माणूस आला की आधी दचकतो, मग उगाच हसतो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

धाकटा म्हणजे माझा पाठचा भाऊ. त्याचा हात असा, की गिऱ्हाइकाच्या दातांची जुनी खोडसुद्धा कवळीत उतरायची. कुणाचा उजवा सुळा पूर्वी जरा पुढे असेल, तर तो तसाच पुढे. माणूस हसला की घरच्यांना ओळखीचा वाटला पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

त्याला एचआयव्ही आहे. बरीच वर्षं झाली. कसा झाला हे मी विचारलं नाही, आणि ज्यांनी मला विचारलं त्यांची मी चांगली खरडपट्टी काढली. गोळी रोजच्या रोज घेतली की विषाणू रिपोर्टातसुद्धा सापडत नाही. धाकटा ती नेमाने घ्यायचा. पिणं नंतरचं. त्याच्या सोबतीचा माणूस सोडून गेला आणि घरात बाटली आली. मी भांडले, अबोला धरला, बाटल्या मोरीत ओतल्या. त्याने नव्या आणल्या.

मग कवळ्या परत यायला लागल्या.

पहिली आली तेव्हा मला वाटलं, डॉक्टरांकडेच काहीतरी गफलत झाली असणार. काम तर दृष्ट लागण्यासारखं होतं. फक्त उजवा सुळा पुढे हवा, तिथे डावा पुढे होता. दुसऱ्या कवळीत डावीकडची फट उजवीकडे गेलेली. तिसरी परत आली, तेव्हा मी ती सहज आरशासमोर धरली. आरशात ती बरोबर दिसत होती. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

कारण आमच्या कामात शिकाऊ माणसाला उस्तादाच्या शेजारी बसवतात, समोर कधीच नाही. समोर बसून, बघत बघत दात लावले की डावं-उजवं उलटतं. ही चूक अगदी नवशिक्याची, आणि तीसुद्धा समोर कुणीतरी बसलेलं असेल तरच होणारी. धाकट्याच्या टेबलापलीकडे एक स्टूल आहे खरं, पण ते माप घेऊन येणाऱ्या माणसाला टेकायला. एरवी ते रिकामंच असतं.

"हे काय करून ठेवलंस रे?" मी तिन्ही कवळ्या त्याच्यापुढे ठेवल्या.

"त्याने जिकडे बसवला, तिकडे मी बसवला," तो मेण तापवत म्हणाला. "मला हल्ली कशानंतर काय करायचं ते आठवत नाही, ताई. त्याचं बघून करतो."

"कुणाचं?"

त्याने हनुवटीने स्टूल दाखवलं. "हळू बोल. त्याचा हात हलतो."

भरदुपार होती. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीचा आवाज येत होता. स्टुलावर कुणी नव्हतं. पण टेबलाच्या त्या बाजूला एक पेला होता, आणि बशीत गोळी.

"तुझी गोळी तिकडे कशाला ठेवलीस?"

"माझी कुठली? त्याची आहे. आजार त्याला आहे ना. पितोही तोच." धाकट्याने मान खाली घातली. "बघवत नाही गं त्याच्याकडे."

हे तो इतक्या कळवळ्याने म्हणाला, की माझ्यासारखी तोंडाळ बाई कवळ्या उचलून आत निघून गेली.

तेव्हापासून मी आतून लक्ष ठेवायला लागले. सकाळी गोळी टेबलापलीकडे जायची, कामं आवरेपर्यंत बशी रिकामी. टेबलाखाली, प्लास्टरच्या गोणीत, केराच्या डब्यात मी हात घालून घालून शोधलं. त्या गोळ्या कुठे जात होत्या, मला आजही माहीत नाही. धाकट्याच्या पोटात जात नव्हत्या, एवढं ठरलेल्या तपासणीच्या रिपोर्टवरून कळलं. विषाणू परत वर आला होता.

रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले. धाकटा रक्त देऊन आला होता, पण त्यानंतर उंबऱ्याबाहेर पडायला तयार नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वेडी म्हणून बघितलं नाही, याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

"हा आजार मेंदूलाही धरतो," त्या म्हणाल्या. "विसरायला होतं, हात मंदावतात, मन खचतं. त्यात दारू, आणि वर गोळ्या बंद. नसलेलं दिसणं बहुतेक दारूचं असेल, पण तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, झटके येतात. त्यांना इथे घेऊन या. पुष्कळसं सुधारतं हो."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"मग उचलून नाही ठेवून घेता येणार. इथे आल्यावर त्यांनी स्वतः सांगायला हवं, की आजारी मी आहे."

घरी आले तर पुन्हा तेच. बशी पलीकडे, आणि धाकटा त्या रिकाम्या जागेकडे बघत एकेक दात उलटा लावतोय. माझं डोकं फिरलं. मी सरळ जाऊन त्या स्टुलावर बसले.

स्टूल कोमट होतं.

"ताई, ऊठ," धाकटा पांढराफटक पडला. "त्याच्या मांडीवर बसलीयस तू."

"मग त्याला सरकायला सांग." मी उठले नाही. "चल, दवाखान्यात जाऊ."

"मी गेलो तर त्याच्याकडे कोण बघणार? एकटा आहे तो. एकटा असला की जास्त पितो."

आमच्या आईने पोरगं माझ्या ओटीत टाकलं होतं, आणि मी बाटल्या मोजत बसले होते.

"त्यालाही घेऊन चल," मी म्हणाले.

टॅक्सीत धाकटा एका दाराला चिकटून बसला, मी दुसऱ्या. मधे जागा सोडली. चालकाने वरचा आरसा दोनदा फिरवून बघितला. काय दिसलं, ते मी त्याला विचारलं नाही. वाटेत धाकट्याने कुणाच्या तरी गुडघ्यावर थोपटावं तसं मधल्या सीटवर थोपटलं.

दवाखान्यातही आम्ही तसेच बसलो, मधली खुर्ची मोकळी ठेवून. नर्स आली.

"पेशंट कोण?"

माझं तोंड उघडलं होतं. मी जीभ चावली. धाकटा मधल्या खुर्चीकडे बघायला लागला. नर्सने पुन्हा विचारलं. त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, तिथे कुणाचा तरी खांदा असावा तसा. मला वाटलं, झालं, आता हा त्यालाच पुढे करणार आणि आम्ही आलो तसे परत जाणार.

"हा खूप थकलाय हो," तो नर्सला म्हणाला.

मग त्याने तो हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला.

"मी," तो म्हणाला. "पेशंट मी आहे."