भेगेवरची पट्टी

मी चौकातली जुनी तीन मजली इमारत बोलतेय. हळूच बोलते, कारण हल्ली खालून साधी गाडी गेली तरी माझा गिलावा झडतो.

मी नवी होते तेव्हा सगळ्या बाजारात माझ्याएवढं उंच कुणी नव्हतं. तळमजल्यावर आधी कापडाची वखार होती, मग टपाल कचेरी आली. वर टायपिंगचा वर्ग भरायचा. दिवसभर नुसता खडखडाट! मी वैतागायचे, पण भीती कसली ती ठाऊक नव्हती.

भीती घातली टपाल कचेरीनंतर आलेल्या चपलांच्या दुकानदाराने. शोकेस मोठी दिसावी म्हणून त्याने तळमजल्याचा मधला खांबच काढला आणि वर गुळगुळीत छत ठोकून सगळं झाकलं. थोड्याच दिवसांत पहिल्या मजल्यावर भेग उठली.

तिथे एक बाइंडर आणि त्याची लेक पुस्तकं बांधत असत. गवंड्याने त्याला बजावलं होतं, भेगेवर कागदाची पट्टी चिकटवा, फाटली तर भिंत सरकतेय समजा. पण फाटेल असं काही चिकटवणं बाइंडरच्या हाताला ठाऊकच नाही. त्याने घट्ट खळ लावून कापडी पट्टी डकवली. पुस्तक उघडताना ताण बसू नये म्हणून ठेवतात तशी मध्ये चुणीही ठेवली. मग वर्षभर येईल त्याला कौतुकाने दाखवत राहिला, पट्टीचा एक धागा हललेला नाही.

पट्टीमागे भेग रुंदावत होती. लेक त्याच भिंतीला टेकून शिवायला बसे आणि माझा जीव टांगणीला लागे. मी गिलाव्याचे पोपडे पाडले, तिने झाडून टाकले. दार अडकवलं, बापाने रंधा मारला. आणखी काय करणार होते मी?

मागच्या महिन्यात एका दुपारी सुई शोधताना तिचा हात ताणून ताठ झालेल्या पट्टीवर पडला.

"बाबा, तुम्ही इथे चुणी ठेवली होती ना? ती कुठे गेली?"

बाइंडरने पट्टी चिरली. भेगेत त्याचं बोट आरपार गेलं. अर्धवट शिवलेलं पुस्तक ती उचलायला गेली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "राहू दे. आधी तू खाली उतर."

दोघं गेली. त्यांच्या सांगण्यावरून चपलांचं दुकानही बंद झालं. आता मी रिकामी आहे आणि त्याचं मला बरंच वाटतं. पण ऊन चढलं की लोक माझ्या सावलीला येऊन बसतात, धोक्याच्या पाटीवर पिशव्या अडकवतात.

उठा हो तिथून. मला बाजूला होता येत नाही.