नावाची चौकट

काकूंनी प्रमाणपत्रावरच्या नावाच्या चौकटीत स्वतःचं लांबलचक नाव टाकलं आणि पुन्हा कळ दाबली. पान नव्यानं पडद्यावर उमटलं. मघाशी वेलांट्यांची डोकी उडत होती, चौकट जराशी उंच केल्यावर ती शाबूत राहिली.

"बसलं एकदाचं."

"तुझं बसलं म्हणजे जगात कुणाचंही बसेल," काका पेपरातून तोंड न काढता म्हणाले.

खरंच होतं ते. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही आडनावं लावणाऱ्या काकूंचं नाव हीच त्यांची मोजपट्टी. छापखान्यात अक्षरजुळणी करत होत्या तेव्हापासूनची ही रीत. नमुना स्वतःच्या नावाचा टाकायचा, मावतोय का बघायचं आणि काम हातावेगळं करताना पुसून टाकायचा. पुसायला त्या आजवर कधी विसरल्या नव्हत्या.

प्रमाणपत्र होतं तलावावरच्या मोठ्या माणसांच्या पोहण्याच्या वर्गाचं. भरायच्या चौकटी दोनच, नाव आणि तारीख. त्या भरून छापण्याचं काम मॅडमचं. मॅडम म्हणजे पोहायला शिकवणारी पोरगी, काकूंच्या लेकीच्या वयाची.

वर्गात काकूही होत्याच. खोल टोकाला, कशालाही न धरता तलाव आडवा पार केला की प्रमाणपत्र. बाकीच्यांनी तो केला. काकूंना परीक्षेच्या दिवशी नेमकी सर्दी झाली. उथळ पाण्यात त्या झकास हातपाय मारायच्या, पण खालची फरशी लांब गेली की लगेच काठ धरायच्या. "मी आपली प्रमाणपत्रं बनवते, तुम्ही मिळवा," असं हसून सांगायच्या. आतून मात्र फार वाटायचं, एकदा तरी पलीकडचा काठ हाताला लागावा.

कडेची नक्षी त्यांनी आणखी थोडी नाजूक केली, फाइल पाठवली आणि घाईघाईनं संगणक बंद केला.

प्रमाणपत्रं वाटायच्या दिवशी निघताना काकांची नजर त्यांच्या पिशवीवर गेली.

"पोहायचा पोशाख? कार्यक्रमाला?"

"असू दे. तुम्हाला उचलायचाय का?"

तलावाच्या काठावर खुर्च्या मांडल्या होत्या. मॅडम एकेक नाव पुकारत होत्या, टाळ्या पडत होत्या, आणि जो तो प्रमाणपत्र उन्हात धरून नक्षी न्याहाळत होता. काकूंना अगदी धन्य वाटत होतं. शेवटी मॅडमनी एक दीर्घ श्वास घेतला आणि दोन आडनावांचं एक नाव वाचलं.

काकू ताडकन उठल्या.

"अगं, तो नमुना आहे! पुसायचा राहिलाय!"

"हो का? मला वाटलं, अर्ज आहे," मॅडम म्हणाल्या. "तारीख नाही टाकली मी. आजची टाकू?"

"आजचीच टाका!" मागून कुणीतरी ओरडलं आणि एकच हशा पिकला.

काकूंनी पाण्याकडे पाहिलं, मग काकांकडे. काकांनी पिशवी पुढे केली.

मॅडम शेजारून पोहत होत्या, पण हात लावत नव्हत्या. मध्यावर काकूंचा श्वास चुकला, नाकातोंडात पाणी गेलं. काकांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. काकूंनी एकदा खाली पाहिलं. फरशी पार तळाला, निळी, लांबच्या लांब. त्यांनी मान वर काढली आणि पुढचा हात मारला. मग आणखी एक. आणि ओली, गुळगुळीत कड बोटांना लागली तेव्हा त्या हसत होत्या, खोकत होत्या, दोन्ही एकदमच.

तारीख टाकायला मॅडमनी पेन मागितलं.

"पेनानं नको गं!" काकू पाण्यातूनच ओरडल्या. "चौकट कशाला केलीय मी? छापून दे नीट!"

काकांनी हात देऊन त्यांना वर घेतलं आणि खांद्यावर टॉवेल टाकला.

"इतकी वर्षं नमुना पुसायला विसरली नाहीस," ते हळूच म्हणाले. "या वेळी बरी विसरलीस?"

काकूंनी मान एका बाजूला कलती केली आणि तळहातानं कान झटकला.

"काय म्हणालात? कानात पाणी गेलंय."