दर तासाला अंगठा

त्याने अंगठा पँटला पुसून पुन्हा यंत्रावर टेकवला. या वेळी हिरवा दिवा लागला.

"पाचवा तास," कारकून मान वर न करताच म्हणाला. "गाडी सोडू नका. नंबर कधीही पुकारतील."

"हेच सकाळपासून ऐकतोय."

"थांबल्याचे पैसे मिळतात ना आता? मग घाई कसली?"

तो आपल्या ट्रककडे परतला. माल भरून घ्यायला गोदामापुढे ताटकळणाऱ्या ड्रायव्हरांना त्या वेळेचा मोबदला मिळावा म्हणून संप झाला, त्यात तोच सगळ्यांच्या पुढे होता. मोबदला सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ हे यंत्र आलं. दर तासाला ज्याने त्याने स्वतः अंगठा द्यायचा. एक चुकला की आधीचे सगळे पाण्यात.

केबिनमध्ये बसलं की कुंपणाच्या जाळीतून कालवा दिसायचा आणि कालव्यापलीकडे त्याची स्वतःची इमारत. चालत वीस मिनिटं. अकरा दिवसांनी तो घराच्या इतक्या जवळ आला होता. बाबांना आता जिने झेपत नव्हते, म्हणून ताई त्यांना कायमचं आपल्याकडे नेणार होती. आज, तीन वाजता. तिसऱ्या मजल्यावर बाबांची चादर वाळत होती. तो बघत असतानाच कुणीतरी ती आत ओढली.

अडीचच्या सुमारास बायकोचा फोन आला.

"सामान खाली गेलं. येताय ना?"

"नंबर लागला की निघालोच."

तिकडे जरा खरखर झाली, मग बाबांचा आवाज आला. त्यांचीही हयात ट्रकवरच गेली होती.

"किती वेळ झाला?"

"साडेपाच तास."

"आम्हाला तर कुणी विचारायचंही नाही. बस निवांत. गाडी सोडू नकोस."

फोन बंद करायचं मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. जिन्यावरच्या चपला ऐकू येत राहिल्या. एक पायरी. दम. पुन्हा एक पायरी. त्याने फोन कानापासून दूर केला, पुन्हा कानाला लावला. मग खाली उतरून तो मागच्या ट्रककडे गेला. त्या ड्रायव्हरला सगळे भोंगाकाका म्हणत. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

"काका, चावी ठेवू?"

पूर्वी रांगेत असंच चालायचं. कुणाला आंघोळ, कुणाला डॉक्टर. मागचा माणूस दोन्ही गाड्या पुढे सरकवायचा.

काकांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि चक्क हळू आवाजात म्हणाले, "गाडी नेईन रे. पण अंगठा कुठून आणू? दोनच आहेत, दोन्ही माझेच."

"नकाच आणू."

"सगळे तास जातील."

"ते तसेही गेलेच की."

तो पोचला तेव्हा ताईच्या गाडीचं दार उघडंच होतं. बाबा मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. छाती अजून वरखाली होत होती. धापा टाकत आलेल्या मुलाला पाहून त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"गाडी कुणावर टाकून आलास?"

"मागच्यावर."

"माणूस बरा आहे?"

"आहे."

ताईने किल्ली फिरवायला हात नेला.

"थांब जरा," बाबा तिला म्हणाले. त्यांनी मांडीवरची पिशवी पायाशी ठेवली आणि सीटला धरून हळूहळू पलीकडे सरकू लागले.